बंडीवाल्याच्या हाती ट्रक

मु. धानोरा
मंडईची जत्रा आटोपल्यावरचा शुक्रवार

चिरंजीव गुणवंतराव,

तुझ्या आत्याचा, म्हणजे सुगंधाबाईचा, पोटभर आशीर्वाद. नागपुरात तू खुशाल असशील, सूनबाईचे गुडघे जाग्यावर असतील, आणि तू ज्या लोकांले मोटार शिकवते त्यातला एखादा तरी शिकला असन, अशी आशा धरून आहो. माझं म्हणशील तर मी आहो. कंबर दुखते, डावा कान वाजते, बाकी जे उरलं ते ठीक आहे. तुले काही मागाले हे पत्र नाई. भाच्याची खुशाली पुसावी, इतकंच. (लिहून राह्यली माझी नातसून कमळा. चौथी पास आहे. मी बोलते तसं लिही म्हणलं, तर मधातच ‘आजी, हे शोभत नाई’ म्हणून हात थांबवते. नवऱ्याचं नाव घ्याले तयार नाई. मी म्हणलं, घेऊ नको बाई, लिही. लिहाले चालते, असं मी आताच ठरवलं.)

तर तिचा नवरा, माझा नातू लटारू, आता ट्रक चालवते. बांबूचे ठेकेदार भैयाजी, त्यायनं लढाईच्या वेळचा मिलिटरीचा ट्रक लिलावात घेतला. चालवन कोण? तर या मुलखात बांबूची बंडी लटारूसारखी कोणी हाकत नाई, म्हणून लटारू. मारक्या बैलाले जो वळण लावते त्याले हे लोखंड काय जड, असं भैयाजीचं डोकं चाललं. जुन्या ड्रायव्हरनं जातानी अर्धा दिवस शिकवलं. हे दाबलं का पळते, हे दाबलं का थांबते, बाकीचं येत जाईन. मी म्हणलं, अरे, कोणाजवळ बसून नीट शीक. तर मलेच म्हणते, ‘आजी, बंडी हाकाले कोण शाळेत गेला होता?’ आता याले काय सांगाव? बंडीत बैलाले अक्कल असते, म्हणून हाकणाऱ्याले नसली तरी निभून जाते. गाडीवान झोपला तरी बैल घरी आणते. ट्रक कुठी आणन?

कमळाच्या माहेरी मंडई होती. लटारू म्हणाला, बांबू गडचिरोलीले न्याचाच आहे, तुमाले वाटेत सोडून देतो. मी खिडकीजवळ, कमळा मधात, लटारू चाकाजवळ. (चाकाले स्टेरिंग म्हणतात, असं कमळा सांगून राह्यली. तिले सारं माहीत आहे.) जंगलातला चढ आला. ट्रक कण्हत कण्हत वर गेला, आणि माथ्यावर पोचताच लटारूनं इंजन बंद केलं. मी म्हणलं, काऊन रे, बिघडलं का? तर कपाळाचा घाम पुसून म्हणते, ‘थकला बिचारा. आता उतारच आहे, दम घेऊ दे त्याले.’

गुणवंता, बैलाले दम देते तसा त्यानं ट्रकाले दम दिला. इंजनानं घेतला. चाकं मात्र दम घ्याले तयार नव्हती. मागं बांबूचा डोंगर, पुढं उतार, आम्ही जे निघालो ते निघालोच. लटारूनं बिरेक दाबला, तर तो घट्ट मातीत पाय बसावा तसा आधी बसला आणि मंग चिखलात जावा तसा गेला. मंग त्यानं कासरा ओढावा तसं ते चाक छातीशी ओढलं, मागं रेलला, आणि ‘हो! हो! हो रे राजा!’ म्हणून ओरडाले लागला. राजा त्याच्या जुन्या बैलाचं नाव. ट्रकाले ते कसं माहीत असन?

पुढं आमच्याच गावच्या पोचूची धानाची बंडी चालली होती. पोचू बसल्याजागी पेंगून राह्यला होता. मी म्हणलं, भोंपू वाजव. तर भोंपूत चिंधी! बैल बिचकतात म्हणून यानंच आठवड्यापासून कोंबून ठेवली होती. अशी दया. बंडीत धानाच्या भाऱ्यावर पोचूची बायको लेकरू कुशीत घेऊन झोपली होती. ते मले दिसलं. अजूनही दिसते. डोळा लागला का तेच दिसते, म्हणून आजकाल मी डोळा लावतच नाई.

तवा या कमळानं गुडघ्याजवळचा दांडा दोन्ही हातानं ओढला. त्या दांड्याले लटारू रोज शिदोरी टांगत होता. काहाचा दांडा, हे त्यानं कोणाले पुसलंच नव्हतं. कमळानं जुन्या ड्रायव्हरले पुसलं होतं, तो हातानं ओढाचा बिरेक. ट्रक फिरला, रस्त्याखालच्या धानाच्या बांधीत, शेतात उतरला, आणि बांबू सांडला तो पार पाटापर्यंत. पोचू जागा झाला. आमच्याकडं पाहून म्हणते, ‘लटारूभाऊ, रस्ता इकडं आहे बाप्पा.’ त्याची बायको खाली उतरली. लेकराले छातीशी धरून ती पायीच घरी गेली. बंडीत पुन्हा बसली नाई.

लटारूनं काय केलं? उतारावरच्या देवाले कोंबडा दिला. देवाले कोंबडा पोचला असन, पण देवाले बिरेक मारता येते असं मले वाटत नाई. भैयाजी म्हणतात, ट्रक काढून दुरुस्त करतो, पुढच्या सोमवारी पुन्हा लटारूच नेईन. पोचूची बंडी त्याच रस्त्यानं रोज जाते. मी म्हातारी कोणाकोणाले सांगू? थकली, बाबा.

सूनबाईले आशीर्वाद, लेकरांचे गालगुच्चे.

तुझी आत्या
सुगंधाबाई (अंगठा)

ता. क. — वर म्हणलं का काही मागाचं नाई, ते पत्र सुरू करतानीचं बोलणं होतं. लटारूले तुझ्या मोटारीच्या वर्गात घे. सोमवारच्या आत तो इथून हालला पाह्यजे. शिकाले ये म्हणशील तर येणार नाई, म्हणून मी सांगितलं का गुणवंतकाकाले बैल पारखून पाह्यजेत. उद्याच निघून राह्यला. बैल पाहाले रोज थोडं थोडं ने, आणि मधल्या वेळात शिकव. त्याले पहिले हे सांग का ट्रकाले जीव नसते, बाकीच्याले असते.

आणखी एक — कमळाही संगं येते, हे पत्र तिच्याच हाती देतो. काल पाण्याले जातानी ही बांधीतल्या ट्रकात जाऊन बसली होती, घागर बाहेर ठेवून. (इथी तिचा हात थांबला. मी म्हणलं, लिही. लिहिलं.) तुझ्याकडं दोघांले जागा असन तर दोघांले शिकव. एकच असन तर कमळाले ठेव, आणि लटारूले दोन चांगले बैल दाखवून वापस पाठव. त्याची बंडी मी विकू देली नाई.