तुझ्या आजीचा अबोला

प्रिय पोरी,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीने, फार मनावर घेऊ नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस, निरोप धाडला तर तो पोचत नाही, म्हणून हा कागद. माझ्याकडे गाडी शिकायला येणारी शिंपीणबाई तुमच्या दवाखान्यामागेच राहते, तिच्या हाती पाठवतेय. एक्स-रेच्या खोलीत शिरताना तू फोन कपाटात बंद करतेस हे मला माहीत आहे. बाहेर आलीस की ती समोर उभी असेल. बिचारीवर डोळे वटारू नकोस, तिचा काही दोष नाही. आणि फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तू माझ्याशी शेवटचं बोललीस ते आजीच्या जिन्यात. नवरा निघून गेल्यावर लेकीला कडेवर घेऊन तू माझ्याकडे आली नाहीस, माझ्या आईकडे गेलीस. त्याचंही मला काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं की तू राहा कुठेही, पण भिंगरीला दिवसभर तिच्या ताब्यात देऊ नकोस. म्हटलं म्हणजे ओरडले. जिन्यातली सगळी दारं किलकिली झाली. तू वरच्या पायरीवरून म्हणालीस, “आजीने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. तुला तिचा हेवा वाटतो, आई.” आणि दार लावून घेतलंस. त्याला दोन हिवाळे झाले.

मी ओरडते, खरंय. जन्मभर गाडीत शेजारच्या सीटवर बसून परक्या बायकांना ‘ब्रेक, अगं ब्रेक!’ म्हणून ओरडत पोट भरलं, ते घरी आल्यावर गळ्यातून काढून खुंटीला कसं टांगणार? तुझ्या मैत्रिणींसमोर ओरडले, तुझ्या लग्नाआधी त्या मुलावर ओरडले, आणि तो कसा निघाला ते तूच पाहिलंस. त्याबद्दल माफी मागायला मी हा कागद घेतलेला नाही. माझ्या ओरडण्याने तुझे कान दुखले असतील. पण आई घरात आहे की नाही असा प्रश्न तुला एक दिवस तरी पडला का?

तुला माहीत असलेली आजी ही सुट्टीतली आजी. तू महिनाभर जायचीस, ती तुझ्या वेण्या घालायची, गादीवर शेजारी घेऊन गोष्टी सांगायची. नातवंड म्हणजे दुधावरची साय. पण दूध कसं तापवलं जातं ते सायीला काय ठाऊक? पाहुण्याशी गोड वागायला तिला फार आवडतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती हे तुला माहीत आहे, तिच्या आवाजाचं कौतुकही तू ऐकलंयस. लोक म्हणे नुसता तिचा आवाज ऐकायला नंबर मागायचे. सगळ्या शहराशी ती मधात जीभ बुडवून बोलायची. घरी आली की चपला काढायची, आणि त्या दिवसांत मी गुन्हेगार असले तर तोंडही काढून ठेवायची.

मी गुन्हेगार कशी व्हायची त्याला नियम नव्हता. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, काल तुमच्याकडे कसला आवाज होता गं, आणि मी सांगून टाकलं की आईबाबा भांडत होते. सातआठ वर्षांची असेन. संध्याकाळी आईला ते कळलं. ती रागावली नाही, हात उगारला नाही. तिने जेवायला ताटं घेतली ती दोन. तिचं आणि बाबांचं. मी उभीच. बाबांनी उठून माझं ताट आणलं तेव्हा ती त्यांना म्हणाली, “आणखी कोणी जेवायचंय का?” त्यानंतर शाळेची अख्खी सुट्टी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी समोर आले तर तिची नजर माझ्या आरपार मागच्या भिंतीवर जायची. मी रडले, पाय धरले, भांडी घासली, तिच्या पर्समध्ये फुलं ठेवली. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच सुट्टीत मी सायकलवरून पडले. मनगट मोडलं. लोंबकळत्या हाताने घरात आले आणि तिच्यासमोर उभी राहिले. ती इस्त्री करत होती. शर्टाची कॉलर उलटून तिने दुसऱ्या बाजूने इस्त्री फिरवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून बाबांना म्हणाली, “बघा हो, कोणीतरी आलंय.”

बाबांनी मला दवाखान्यात नेलं. भले होते बाबा, पण भले म्हणजे घाबरट. त्या घरात ते निरोप्याचं काम करत. आईला सांग मला वही हवी, मुलीला सांगा दिवा बंद कर. वाटेत ते मला म्हणाले, “तिचा स्वभाव आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस.” मनगट हलत नव्हतं आणि मन आवरायला सांगत होते.

आता पुढचं सांगते ते मी कोणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. घरच्या फोनला हात लावायची मला मुभा नव्हती, म्हणून प्लास्टर घातलेल्या त्या हाताने मी एके दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, दुकानदाराच्या फोनवरून एक्स्चेंज लावलं. बरेचदा दुसऱ्याच बाया यायच्या, मी ठेवून द्यायची. शेवटी ती आली. “नमस्कार, आपल्याला कोणता नंबर हवाय?” इतका गोड आवाज. आपल्याला! मी म्हटलं, “आई, मी आहे.” मग पुन्हा, तसंच, मधाळ: “आपल्याला कोणता नंबर हवाय?” मला दुसरा नंबर कुठे पाठ होता? मी आमच्या घराचाच सांगितला. तिने जोडून दिला. घरात कोणी नव्हतं. मी तशीच उभी राहून आमच्या रिकाम्या घरात वाजणारी घंटी ऐकत राहिले, दुकानदार ओरडेपर्यंत.

आणि मग एक दिवस सकाळी ती म्हणाली, “चहा घेतेस का?” जणू मधे काही घडलंच नाही. का थांबवलं ते सांगितलं नाही, का सुरू केलं होतं तेही नाही. मला इतकं बरं वाटलं की मी त्या चहाच्या कपाकडे बघून रडले आणि तिला म्हटलं, तू किती चांगली आहेस. पोरी, अबोल्याचा राग माझा केव्हाच शिळा झाला. त्या ‘तू किती चांगली आहेस’ची मात्र मला अजून चीड येते. असे अबोले किती झाले ते मी मोजले नाहीत. लग्न ठरवलं तेव्हाचा एक झाला, तू झालीस तेव्हा मी तिच्याकडे बाळंतपणाला गेले नाही म्हणून एक झाला. सध्याचा चालू आहे तो तुला जिन्यात बोलले त्याचा. म्हणजे आमच्या घराण्यात माझ्याशी न बोलणाऱ्या सध्या दोघी आहेत. खाण तशी माती म्हणतात. इथे मधली खाण वगळून माती थेट आजीवर गेली.

हे सगळं आज का उगाळतेय? आज सकाळी मी शिंपीणबाईला बाजारपेठेतल्या चौकात वळण घ्यायला शिकवत होते, तेवढ्यात भिंगरीच्या बालवाडीतल्या बाईंचा फोन आला. तुझा फोन बंद, आजीला लावला तर ती म्हणाली, “तिची नाटकं असतात हो, आपण लक्ष देऊ नका.” बाईंना ते बरं वाटलं नाही. त्या माझ्याकडेच गाडी शिकलेल्या, माझा नंबर त्यांच्याकडे होता, म्हणून त्यांनी मला लावला. भिंगरी बरेच दिवस कोणाशी बोलत नाहीये म्हणाल्या. आज सगळी मुलं खेळत असताना ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तशीच चड्डीत शू करून बसली. हाक मारली तर आधी मागे वळून बघते, म्हणाल्या, दुसऱ्याच कोणाला मारलीये का ते. मी शिंपीणबाईला म्हटलं, सरका तिकडे, आज वळण पुरे. बिचारी पूर्ण रस्ताभर दाराची कडी धरून बसली होती.

बालवाडीत पोचले तेव्हा ती चार वर्षांची पोर, जिला एका जागी बसवायला पूर्वी तीन माणसं लागायची, ती माझ्याजवळ आली आणि हात न हलवता उभी राहिली. उचलून घेतलं तर लाकडासारखी. तुझी ती जिन्याखालची शेजारीण मला मागे भेटली होती, कौतुकाने सांगत होती की तुमची नात हल्ली फार शहाणी झालीये, हूं की चूं नाही. शहाणी! मी त्या कौतुकावर हसून पुढे गेले होते.

गाडीत ती शिंपीणबाईच्या मांडीवर बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “पणजीला मी दिसत नाही.” मी म्हटलं, पणजी म्हातारी झाली, तिचे डोळे अधू झालेत. ती म्हणाली, “तिला टीव्ही दिसतो.”

मी तिचे कपडे घ्यायला आजीकडे गेले. त्या दोघींना गाडीत ठेवून एकटीच वर गेले. दार तिनेच उघडलं, मला पाहिलं आणि पाठ फिरवली. बैठकीच्या भिंतीवर खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, लाल खडूने काढलेलं घर आहे, पाहिलंयस ना? पुसायचा प्रयत्न केलाय, फिकट राहिलंय. एवढाच गुन्हा. मी ओरडले. हो, पुन्हा ओरडले, पुन्हा दारं किलकिली झाली. म्हटलं, चार वर्षांच्या पोरीला तू काय करते आहेस ते तुला कळतंय का? ती गॅस बंद करायला आत गेली, भाजी झाकली, हात पुसले, खुर्चीत बसली. मला वाटलं, आता वर्तमानपत्र उघडेल. पण ती बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा. “तुला वाढवलंच ना मी? मेलीस का?” आवाज अगदी खाली, तोच, मधाळ. मी भिंगरीचे कपडे पिशवीत कोंबले आणि उतरले. हे तुला सांगते, कारण ती तुला वेगळं सांगेल, किंवा काहीच सांगणार नाही.

इथपर्यंत मला वाटत होतं की हे पत्र तिच्याविरुद्ध आहे. भिंगरी माझ्याकडे आहे. घरी आणलं, अंघोळ घातली, तिने दूध-पाव खाल्ला, आता माझ्याच पलंगावर झोपलीये. मी तुला लिहिणार होते की लेक तुझी, घेऊन जा, पण त्या घरात नको. पण पाव खाताना ती सांगत होती, तुकड्या-तुकड्याने. तिने पणजीला सॉरी म्हटलं. पुन्हा म्हटलं. “पण तिला ऐकूच येत नाही, आजी.” “आणि आई म्हणाली, पणजी माफ करेपर्यंत मीपण तुझ्याशी बोलणार नाही.” तू दमून येतेस, तुला आजीकडे राहायचंय, तिची मर्जी सांभाळायचीये, हे मला कळतं. तुला वाटलं असेल, दोन दिवस धाक दाखवावा. पण तुझ्या आजीचे दोन दिवस संपत नाहीत. तू रोज संध्याकाळी घरी येतेस, भिंगरीच्या समोरून जाऊन कपडे बदलतेस आणि आजीबरोबर जेवतेस. तिने मला विचारलं, “आईला मी परत कधी दिसणार?” म्हणून हा कागद, आणि तो तुझ्याविरुद्ध आहे. तुझ्या आजीला मी आता बदलू शकत नाही, आणि मला तिची भीतीही वाटत नाही. मला तुझी वाटते. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, मी सहन करीन, मला सवय आहे. पण आत्ता, कपडेही न बदलता, इथे ये. ती झोपली असली तर उठव. तिचं नाव घेऊन हाक मार, आणि ती मागे वळून बघायच्या आत तिला सांग, “तूच गं, तुलाच हाक मारतेय.”

तुझीच, तुला नको असले तरी,
आई