माझ्या नावाची खिचडी

प्रिय आई,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. तू गेलीस त्याला दोन वर्षं झाली. वर्षश्राद्धाला सगळे तुझ्याबद्दल गोड गोड बोलले, मीही मान डोलावली. आज मात्र माझं डोकं फिरलंय आणि जिच्याशी भांडायचं तीच जागेवर नाही, म्हणून लिहायला बसले.

आज सकाळी स्वराला घेऊन तुझ्या अंगणवाडीत गेले होते. आपल्या सिडकोतल्या, समाजमंदिराच्या मागच्या त्याच खोलीत. हो, तिचं नाव घालायला. बसलीस का खाली?

तुझी नात साडेतीन वर्षांची झाली. घरात तोंडाचा पट्टा चालू असतो, पण परकं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप. गेल्या आठवड्यात मिलिंदच्या हट्टापायी एका मोठ्या इंग्लिश शाळेत नेलं होतं. तिथल्या मॅडमनी तिला केळं दाखवून इंग्रजीत रंग विचारला. स्वरा जी टेबलाखाली जाऊन बसली, ती निघेपर्यंत बाहेर आली नाही. मॅडम मला म्हणाल्या, घरी इंग्लिश बोलत जा तिच्याशी. मिलिंद परत येताना गाडीत म्हणाला, "होईल सवय."

हे वाक्य मी कुठं ऐकलंय, आई?

रिक्षात कोंबलेली आठ पोरं, गळ्यात वॉटरबॅग, आणि तू दारात. "रडू नकोस, होईल सवय." मला शू लागलीय हे इंग्रजीत कसं सांगायचं ते येत नव्हतं, म्हणून मी बसल्या जागी करायचे. मग टीचर मला भिंतीपाशी उभी करायच्या. मी वर्षभर त्या वर्गात एक शब्द बोलले नाही. तुला माहीत होतं. रोज माझी चड्डी तूच धुवायचीस.

आणि स्वतः काय करायचीस? गल्लोगल्ली दारं वाजवत फिरायचीस. "पोरांना आमच्याकडे पाठवा, लहान पोराला घराजवळची शाळा हवी, आपल्या भाषेतली हवी." लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तुझी स्वतःची पोरगी कुठं जाते, असं कुणी विचारलं नाही का गं तुला?

आमच्या सासूबाई तुझ्याच जातकुळीतल्या. सिन्नरहून फोनवर काल मला सुनावलं, "कंपनीत एवढी चांगली नोकरी हाय मिलिंदला, अन् पोरगी अंगणवाडीत? लोकं हसतील नाय का?" मी म्हटलं, हसू देत. त्या म्हणाल्या, तुझ्या आईनं तरी तुला तिथं घातलं होतं का? मी फोन ठेवून दिला. तुझ्यामुळे.

तरी मी आज गेले. मंगलताई आता सेविका झाल्यात, माहितीय? तुझ्या हाताखाली मदतनीस होत्या, त्याच. मला बघून त्यांना कोण आनंद! कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून तुझी जुनी हजेरीपत्रकं काढली. "बघ, बाईंचं अक्षर. मोत्यासारखं."

मी बघितलं. नावं वाचत खाली आले आणि थांबले. कुमारी अर्चना. पुढं बाबांचं नाव. पुढं महिनाभर हजर, हजर, हजर.

मी तिथं एक दिवस तरी बसले होते का गं, आई?

मंगलताई ओशाळल्या. मग सांगितलं त्यांनी. पट कमी व्हायला लागला होता, सगळ्यांनाच इंग्लिश शाळेचं वेड लागलेलं. पट घसरला असता तर अंगणवाडी बंद झाली असती. "बाई म्हणायच्या, मंगल, खोटंच नाव घालायचं तर दुसऱ्याचं पोर कशाला, माझंच घालते."

म्हणजे पट कमी होत होता म्हणून रडायचं आणि त्यातलं एक पोर स्वतःच रिक्षात बसवून द्यायचं. हे फक्त तुलाच जमलं असतं.

मला आठवतं ते वेगळंच. दुपारी रिक्षा मला अंगणवाडीपाशी सोडायची. तू मला आत येऊ द्यायची नाहीस. "युनिफॉर्म खराब होईल, पायरीवर बस." आत सगळी पोरं गोल करून खिचडी खात असायची. हळदीचा वास पायरीपर्यंत यायचा. मी एकदा मागितली तर म्हणालीस, "ती त्यांची आहे, आपली नाही." तुझ्या मांडीवर शेंबडा संजू बसलेला असायचा, आणि मी बाहेर बूट मोजत. चार बूट, सोळा चपला.

मी मंगलताईंना विचारलं, "माझी हजेरी लागायची, मग माझ्या नावाची खिचडी पण यायची?"

"यायची की. ती संजूला द्यायच्या बाई. त्याच्या घरी सकाळचं काही शिजायचं नाही."

घ्या. इथंही तू चांगलीच निघालीस. माणसाला धड रागावूही देत नाहीस. पण मी रागावणार आहे. संजूला दोन वाट्या मिळाल्या याचं मला वाईट वाटत नाही. तिसरी माझ्यासाठी तुला सुचली नाही, याचं वाटतं. जी जागा तू दुसऱ्यांच्या पोरांसाठी जिवापाड जपलीस, ती तुझ्या पोरीला कमीपणाची का वाटली? तुला तुझ्याच कामाची लाज वाटत होती का? जिवंतपणी विचारायला हवं होतं. तेव्हा मला नुसती पायरी आठवत होती, हजेरी माहीत नव्हती.

हे सगळं चालू असताना माझा हात सोडून स्वरा कधी आत गेली, कळलंच नाही. गोलात एका मुलीच्या शेजारी मांडी घालून बसली होती. नव्या मदतनीस वाढत वाढत पुढं निघाल्या, तशी त्यांचा पदर ओढून म्हणाली, "मला पण."

परक्या माणसाशी बोललेले तिचे पहिले दोन शब्द, आई. मला ते त्या एकदाच्यानंतर पुन्हा कधी बोलता आले नाहीत.

मी तिथंच फॉर्म भरला. मिलिंदला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आईला तूच सांग. सांगते. सासूबाईंना सांगायला मला आता भीती वाटत नाही.

निघताना मंगलताई म्हणाल्या, बाईंचा एक मोठा फोटो दे, हार घालून आत भिंतीवर लावू. मी म्हटलं, आत्ता नाही.

पण तुला शब्द देते. स्वराचं नाव पटावर राहील आणि स्वराही तिथंच बसलेली असेल, फ्रॉकवर हळदीचे डाग पाडत. ती पहिलीत जाईल त्या दिवशी मी स्वतः तुझा फोटो घेऊन जाईन आणि माझ्या हातानं आत लावीन.

तोवर तू पायरीवर बस.

तुझी, कायम हजर असलेली,
अर्चना