ताडाचा तळचा बांध

१० फेब्रु.
गुडघा पुन्हा ठणकतोय. लखमा आला तलासरीहून. ताडीचा हंगाम संपेपर्यंत आमच्या मसोलीच्या वाडीतच, झोपडीत. पंचाहत्तरीचा वारली, अजून ताड चढतो. मी चिकूला शिडीसुद्धा लावत नाही. सकाळी त्याची ताडी, माझा चहा. पिण्याआधी चार थेंब भुईला देतो, मलाही द्यायला लावतो. माझी बायको सुधा असती तर अंगण खराब केलं म्हणून दोघांनाही हाकललं असतं.

१९ फेब्रु.
भुईचे थेंब माझ्या पायावर. मुद्दाम केलंस म्हटलं, तर हसला. मग दोरीवर वाळणाऱ्या माझ्या सदऱ्याला विचारतो, चहा झाला का. म्हाताऱ्याला भलतेच विनोद सुचतात.

२ मार्च
उतरताना घसरला. कोपर सोललं. आता चढू नकोस, एवढं साधं तोंडावर म्हणवत नाही. म्हटलं तर तो गावी जाणार. मग सकाळी मी कोणाशी बोलू? पण भीती वाटते. फार वाटते.

५ मार्च
लखमा संध्याकाळी कोणाच्या तरी टेम्पोतून डहाणू रोडला गेला, तेवढ्यात उरकलं. ताडाला बांधलेला उभा बांबू हीच त्याची शिडी. ती ताडाशी जखडणारे काथ्याचे तळचे दोन बांध कापले. सकाळी बघेल, समजेल. मला बोलावं लागणार नाही.

६ मार्च
सकाळी लखमाच्या सुनेचा फोन. "बापू, बाबाला दिसत नाय. दिवाळीपासून नुसता उजेड कळतो. तुमाला बोलला नाय?"
सदरा आठवला. ठणकत्या गुडघ्याने धावलो. ताडाखाली त्याच्या चपला. वर कोयता चालू, खाली बांबू डोलतोय. दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहिलो. हाक मारली नाही, दचकला असता.
उतरला. बांधावर बोटं फिरवली.
"तुटला नाय. कापलाय."
त्याने माझा खांदा चाचपला, हात तिथेच ठेवला.
"तूच बांध, बापू. मी उद्या चढन."
नको म्हणायचं होतं. हो म्हणालो.

६ मार्च, दुपार
नवा काथ्या आणला. चारदा गाठ मारली, चारदा ओढून पाहिली. चारही वेळा सरकली. झोपडीत तो कोयता घासतोय, इथवर ऐकू येतंय.