चौथी रेघ

प्रिय दादा,

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मास्तरांच्या हॉलमधल्या भिंतीवर मला एक जाड रेघ दिसली आणि तिथून पुढे सगळं बदललं. तोपर्यंत मी तुझा भाऊ होतो, तुझ्या हाताखालचा माणूस होतो, तू सांगशील ते खरं मानणारा गाढव होतो. आता यातलं नेमकं काय शिल्लक आहे ते मलाच कळत नाही. 'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. खोडणार होतो, पण कागद एकच आहे.

तू बाहेरगावी हॉटेलच्या कामावर, म्हणून फोन माझ्याकडे आला. आपले नळवाले काका बोलत होते. एका घरात भिंतीतला पाइप फुटला, त्यांनी भिंत फोडून पाइप बदलला, आता वरचं रेघारेघांचं टेक्सचर पहिल्यासारखं करून हवंय. घर कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाले, शाळेतले मास्तर, पोस्टाच्या मागे. काकांना बिचाऱ्यांना काय माहीत! मी नाही म्हणायला हवं होतं. तू असतास तर तूच नाही म्हटलं असतंस, आणि आता मला कळतंय की का. पण मी गेलो. खोटं कशाला बोलू, स्वच्छ शर्ट घालून गेलो. मास्तरांच्या लेकीचं लग्न होऊन दोन महिने झालेत, ती तिथे नाही, हे माहीत असूनही.

दार तिच्या आईने उघडलं. मला बघून त्यांचा हात कडीवरच राहिला. मग म्हणाल्या, चपला असू देत, आत सगळी मातीच आहे. भिंत दाखवली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मास्तर शाळेत होते. तो हॉल मी सात महिन्यांपूर्वी एकदाच बघितला होता. तेव्हा मी मास्तरांसमोर उभा राहून त्यांच्या मुलीला मागणी घातली होती, आणि ते म्हणाले होते, कोणत्या तोंडाने मागतोस रे, ना धड शिकलेला, ना धड कारागीर. ती दारात उभी होती. माझ्या हातात हेल्मेट होतं. पुढचं तुला ठाऊक आहे. त्यांच्या अंगावर नाही फेकलं, भिंतीवर फेकलं, पण बटणांच्या बोर्डाशेजारी ताटलीएवढा पोपडा निघाला आणि मी तसाच बाहेर पडलो. तू मला काडेपेटी म्हणतोस ते उगाच नाही.

तर मी कामाला लागलो, तू शिकवलंयस तसा. पोकळ वाजणारं सगळं काढलं, कडा घासून उतरत्या केल्या, धूळ पुसली, प्रायमर मारला. मग मूळच्या रेघा किती अंतरावर आहेत ते बघायला बल्ब भिंतीला चिकटून तिरका धरला. समोरून उजेड पडला की सगळ्या भिंती साध्यासुध्या दिसतात, आडवा पडला की बोलायला लागतात, हे तुझंच वाक्य. बल्ब सरकवत सरकवत मी बोर्डापाशी आलो. मला माझी जखम बघायची होती. वाटलं होतं, मास्तरांनी तिथे कॅलेंडर लावलं असेल. पण तिथे काहीच नव्हतं. भिंत अखंड. कुणीतरी इतकं सुंदर काम केलं होतं की सांधा बोटालाही लागत नव्हता. आणि मग दिसली. एक, दोन, तीन रेघा बारीक, चौथी जाड. पुन्हा तीन बारीक, चौथी जाड. ताटलीएवढ्या जागेत पाच वेळा.

दादा, ती फणी मी कापली होती. कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून मी तुझ्याकडे कामाला आलो, त्या पहिल्या आठवड्यात तू मला डब्याचं झाकण आणि ब्लेड दिलंस आणि टेक्सचर ओढायची फणी करायला सांगितलीस. चौथी खाच कापताना ब्लेड सरकलं. मी झाकण फेकून द्यायला निघालो तर तू हातातून काढून घेतलंस. असू दे रे, म्हणालास, भिंतीला पण एखादा तीळ हवा. तुझ्या पेटीत नऊ फण्या आहेत. त्यातली कुठलीही वापरली असतीस तरी मला जन्मात कळलं नसतं. पण तुझ्या हाताला तीच बसली होती.

मी हेल्मेट फेकून आलो त्या संध्याकाळी तू काय म्हणाला होतास, आठवतंय? त्या घराकडे फिरकायचं नाही, मीही फिरकणार नाही, त्यांचा आपला संबंध संपला. मी मानलं. मान्य तरी कुठे केलं होतं म्हणा, तिचा नंबर बंद झाल्यावर पंधरा दिवस पोस्टाच्या कोपऱ्यावर उभा राहत होतोच. तूच येऊन मला गाडीवर मागे बसवून घरी आणलंस आणि समजावलंस की मुलीला बोलायचं असतं तर तिने वाट काढली असती, गप्प बसणं हेही उत्तरच असतं. किती शांतपणे म्हणालास ते! मी ते वाक्य रोज स्वतःला ऐकवत होतो. तिच्या लग्नाचं कळलं त्या दिवशी मी तिच्याबद्दल नाही नाही ते बोललो, आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत बसला होतास.

मी तिच्या आईला विचारलं, हे बोर्डाशेजारचं कुणी केलं. त्या म्हणाल्या, अरे, तुझ्या दादांनीच की. त्याच आठवड्यात आले होते, मास्तर नसताना. भावाच्या वतीने माफी मागितली, भिंत केली, काही घेईनात, चहा तेवढा घेतला. मग म्हणाल्या, मास्तरांनी तिचा फोन काढून घेतला होता, म्हणून तिने दादांच्या हातात चिठ्ठी दिली तुझ्यासाठी. आठवड्याने दादा परत येऊन तिला सांगून गेले, त्याने सगळं मागे टाकलंय, तो पुन्हा कॉलेजला जातोय, तू त्याला अडवू नकोस. त्यांना राग नव्हता, तेच सहन होईना. एवढंच म्हणाल्या, निदान एक ओळ तरी लिहायचीस रे. पोर तीन महिने दार वाजलं की धावायची.

मी काय केलं सांगू? तू केलेला तो तुकडा मी लोखंडी पट्टीने खरवडून काढला. पार विटेपर्यंत. त्या धावत आल्या, अरे ते चांगलं आहे, ते कशाला काढतोस! मी म्हणालो, आतून ओल आहे. कामात खोटं बोलायची माझी ही पहिलीच वेळ. खरवडताना पट्टी बोटाला लागली, तर त्यांनीच आतून चिंधी आणून बांधली. मग दोन दिवस मी ती सगळी भिंत केली, पाइपचीही आणि तुझीही, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. नवी फणी कापून घेतली. आज सकाळी शेवटचा हात मारला तेव्हा मास्तर शाळेत जायच्या आधी चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. म्हणाले, धड कारागीर झालास की. सात महिने मी हे ऐकण्यासाठी राबलो, दादा, आणि आज ते नुसते शब्द वाटले.

काल दुपारी आपलं घर उलटंपालटं केलं. चिठ्ठी तुझ्या कपाटात सापडली, रंगांच्या शेड कार्डांच्या गठ्ठ्याखाली. पाकीट फोडलेलं नव्हतं. म्हणजे तू वाचलीही नाहीस. तुला वाटलं असेल, न वाचता ठेवली तर पाप कमी. मी फोडली. चार ओळी आहेत, त्यातल्या तीन माझ्या आहेत, त्या तुला सांगणार नाही. चौथीत तिने एक तारीख लिहिली आहे, दुपारी तीनची वेळ, आणि बस स्टँडवरचा शेवटचा बाक. ती तारीख मी डायरीत शोधली. त्या दिवशी आपण दवाखान्याची भिंत करत होतो. परांचीवर बसून डबा खाल्ला आणि तू शिट्टीवर गाणी वाजवून मला ओळखायला लावत होतास. मी सगळी ओळखली होती. स्टँड तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.

चिठ्ठीच्या खाली माझा कॉलेजचा फॉर्म होता, पुन्हा प्रवेश घ्यायचा. सगळा तुझ्या अक्षरात भरलेला, सहीची जागा तेवढी रिकामी. आई गेली तेव्हा तू नववीतून शाळा सोडलीस, माझी सोडवली नाहीस, हे मी विसरलेलो नाही. पण तुझी राहिलेली शाळा तू माझ्या आयुष्यातून पुरी करून घेणार होतास, तर मला सांगायचं होतंस. भांडायचं होतंस. चार थोबाडीत मारायच्या होत्यास, मी खाल्ल्या असत्या. तू तिला माझ्या तोंडचं खोटं सांगितलंस, आणि मला तिच्या तोंडचं. आम्ही दोघं एकमेकांना सात महिने वाईट समजत राहिलो, आणि मधे तू शिट्टी वाजवत बसलास.

उद्या तू येशील. समोर बसून बोलायला मला धीर नाही, कारण तू समजावशील, आणि तू समजावलंस की मला पटतं, लहानपणापासून पटत आलंय. यावेळी मला पटवून घ्यायचं नाहीये. म्हणून लिहितोय. आणि एका कामासाठी. तिच्या आईला मी खरं सांगितलेलं नाही. त्यांच्या घरात तुझं नाव अजून चांगलं आहे आणि माझं वाईट, ते मी तसंच ठेवून आलोय. तू जा. मास्तर घरी असताना जा, आणि दोघांना सांग की चिठ्ठी त्याला दिलीच नाही, ते शब्द त्याचे नव्हते. मी सांगितलं तर रडगाणं होईल, तू सांगितलंस तर त्यांना पटेल. तिच्या संसारात मला पाऊल टाकायचं नाही. कधी माहेरी आली तर आईकडून तिला एवढंच कळावं की मी गप्प बसलो नव्हतो. हे केलंस की मला निरोप पाठव, नळवाल्या काकांना माझा ठावठिकाणा माहीत असेल. त्याआधी शोधायला येऊ नकोस. फॉर्म टेबलावर ठेवलाय, सही केलेली नाही. माझे कपडे आणि चिठ्ठी घेतली आहे, पेटीतलं काही घेतलेलं नाही. आता उठतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

तुझाच, दुसरं काय लिहू,
धाकटा