तिसऱ्या रांगेतला शेवटचा बाक

५ जानेवारी, सोमवार
आजपासून पाठनिरीक्षण. नववी ब. दहा तास बघायचे, दहा पानं भरायची, प्रत्येक पानाखाली शिकवणाऱ्या बाईंची सही. शनिवारी, १७ ला वही कॉलेजात देवरे सरांकडे. त्यांनी 'मान्य' लिहिलं तर मंगळवारी, २० ला याच वर्गावर माझा पहिला पाठ. नाही लिहिलं तर पुढच्या वर्षी. तारखा तीनदा तपासल्या.

सामाजिक शास्त्रे पगारे मॅडमकडे. चष्मा दोरीला, आवाज हळू. म्हणाल्या, "तिसरी रांग, शेवटचा बाक. भूषणची जागा आहे, पण तो महिनाभर आलेला नाही." बाकावर कर्कटकानं कोरलंय : भूषण. नाव नीट कोरलंय, ष बरोबर.

शेजारी ओंकार. बसताक्षणी : "सर, तुम्ही नापास झाले का?"
"नाही. बी.एड. करतोय."
"मग तुम्हाला नववीत किती पडले होते?"
आठवत नाही म्हणालो.

खरं असं की नववीत पडायला मी नववीत नव्हतोच. आठवीनंतर नामपूरच्या कांदा मार्केटात, पावत्यांवर शेतकऱ्यांची आणि गावांची नावं लिहायला. दहावी बाहेरून, पदवी घरी बसून. कॉलेजात हे कुणाला माहीत नाही. विचारलं तर सांगेन. कुणी विचारत नाही.

६ जानेवारी, मंगळवार
सकाळची थंडी. खिडकीतून उन्हाचा पट्टा येतो तो आधी ओंकारच्या दप्तरावर, मग माझ्या वहीवर. मैदानावर २६ जानेवारीच्या संचलनाचा ढोल. डावा, डावा. त्या तालावर मॅडमचा आवाज.

वाररेषा. मॅडमनी टेबलावर पृथ्वीगोल ठेवला आणि पॅसिफिकमधून बोट फिरवलं. "हे जहाज अमेरिकेकडून आशियाकडे निघालं. रेषा ओलांडली की एक दिवस पुढे. शनिवारी झोपला, उठला तर सोमवार. रविवार गेला कुठे?"
कुणीतरी : "समुद्रात पडला!"
मॅडम हसल्या नाहीत. "रविवार जगात झाला की. सगळ्यांना मिळाला. फक्त त्या माणसाला नाही मिळाला."
वहीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, खाली दोन रेघा.

८ जानेवारी, गुरुवार
सहा पानं झाली. पॅसिफिकचा नकाशा पेन्सिलीनं, समुद्राला निळी छटा, रेषा जिथे वाकते तिथे लाल. ओंकार वाकून बघतो. "सर, तुम्ही पण उतरवून घेता? तुम्हाला कोण मारणारे?"
तास संपला की मॅडम जिन्याच्या कठड्यावर वही टेकवून सही करतात, पुढच्या वर्गाकडे जाता जाता. वाचत नाहीत. कोणत्याच शाळेत वाचत नाहीत, असं संदीप म्हणतो. संदीप माझा खोलीवाला, त्याच कॉलेजचा, दुसऱ्या शाळेत पाठवलाय.

आईचा फोन. "दिनभर काय करस रे तथा?"
म्हटलं, वर्गात बसतो.
"नुसता बठी ऱ्हास? मंग शिकाडशी कव्हय?"
वीस तारखेला शिकवीन, म्हटलं.

९ जानेवारी, शुक्रवार
झालं ते लिहून ठेवतो.
मॅडमनी विचारलं, "उलट गेलो तर? आशियाकडून अमेरिकेकडे, रेषा ओलांडली, वार कोणता धरायचा?" एकच हात वर. माझा.
कधी वर गेला कळलं नाही. ओंकार : "ओ सर! सर!" सगळे मागे वळून हसायला लागले. खाली घ्यावा तर तेही दिसणार.
मॅडम म्हणाल्या, "हं. शेवटचा बाक, सांगा."
उभा राहिलो. "तोच वार पुन्हा धरायचा."
"बरोबर. बसा."
आज त्याशिवाय दुसरं काही केलं नाही. द्वारका चौकापर्यंत चालत आलो, तिथला गोंगाट कुठेतरी लांब. बसा. बरोबर, बसा.
आठ पानं पूर्ण.

१२ जानेवारी, सोमवार
देवरे सरांनी आज अचानक वह्या मागवल्या. माझी उघडली. एक पान, दुसरं, तिसरं. मग चष्म्यावरून बघितलं.
"हे काय आहे?"
"निरीक्षण, सर."
"हे निरीक्षण? ही नववीच्या पोराची वही आहे, राजा. मॅडमनी प्रस्तावना कशी केली? प्रश्न किती विचारले, कुणाला? फलकलेखन कसं? तू नकाशे काढत बसलास!" आणि मग, चिडून नाही, नवल वाटल्यासारखं : "तू त्या वर्गात होतास कोण?"
आठही पानांवर तिरपी रेघ. दहा नवीन पानं शनिवारपर्यंत.

संध्याकाळी संदीपनं स्वतःची वही पुढे केली. "वर्ग बदल, तारखा बदल, उतरव. मी पण दुसऱ्याचीच उतरवलीय. हरिश्चंद्र होऊ नको." त्याच्या दहाही पानांवर 'प्रस्तावना परिणामकारक'. दोन ठिकाणी 'परीणामकारक'. पेन घेतलं, त्या दोन वेलांट्या सुधारल्या आणि थांबलो.
मॅडम वर्गात येऊन पहिलं वाक्य काय बोलतात हे आठवून पाहिलं. आठ तास समोर बसलो आणि एकही आठवेना. मॅडमनी बोट जिकडे दाखवलं तिकडे बघत होतो, मॅडमकडे नाही.
वही परत केली.

१३ जानेवारी, मंगळवार
मधल्या सुट्टीत मॅडमना वही दाखवली, तिरप्या रेघांसकट. पहिल्यांदाच वाचली. स्वतःच्या सह्यांवरूनही बोट फिरवलं. चहा निवला.
"तुम्ही नववीत बसला नव्हता ना?"
सांगितलं. मार्केट, पावत्या, बाहेरून दहावी. बोलताना एकदा घरच्या बोलीतलं 'नही शे' निघून गेलं, कान तापले. मॅडमना ते ऐकूच आलं नसावं किंवा आलं असावं.
म्हणाल्या, "मी न वाचता सह्या केल्या. चूक माझीही आहे." मग वेळापत्रक काढलं. नववी अ, नववी ब, दहावी. आज दोन तास, उद्या संक्रांतीची सुट्टी, गुरुवारी तीन, शुक्रवारी तीन, शनिवारी दोन. बरोबर दहा.
"आता फळ्याकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं आणि मुलांकडे."
जुनी वही उचलायला गेलो तर तिच्यावर हात ठेवला. "ही फेकू नका. भूषण आला की त्याला लागेल."

१५ जानेवारी, गुरुवार
बघतोय. मॅडम उजव्या गुडघ्यावर भार देत नाहीत, टेबलाला टेकून उभ्या राहतात. पहिलं वाक्य नेहमी प्रश्न असतो. उत्तर चुकलं तर 'चूक' म्हणत नाहीत, 'आणखी कोण?' म्हणतात. मुलं खडूच्या आवाजावरून ओळखतात की आता लिहून घ्यायचं. सगळं टिपलं.
पण धडा ऐकू येत नाही आता. कालचा कटलेला पतंग खिडकीबाहेर तारेला लटकलाय, वारा आला की काचेला घासतो. मागच्या आठवड्यात तो पतंग मला सबंध तास पुरला असता. आज 'विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित करणारे घटक' या रकान्यात लिहिला.
ओंकार : "सर, बोर झाले का तुम्ही?"

१६ जानेवारी, शुक्रवार
मंगळवारपासून आठ तास, त्यांतले नववी 'ब'चे चार. या चारांत मॅडमनी तिसऱ्या रांगेच्या शेवटच्या बाकाला एकही प्रश्न विचारलेला नाही. मला नाही म्हणून नव्हे, ओंकारलाही नाही. त्या बाजूला नजर येते आणि परत फिरते. महिनाभराची सवय असणार.
शेवटचा रकाना : उणिवा. लिहावं की नाही. दोनदा खोडलं, मग नवीन पान घेऊन स्वच्छ लिहिलं.
मॅडम आता प्रत्येक ओळ वाचतात. त्या ओळीशी थांबल्या. मी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. चौदा.
सही केली. म्हणाल्या, "ओंकारला भूगोल येतो का हो?"
"येतो, मॅडम. बोलतच असतो."

१७ जानेवारी, शनिवार
देवरे सर. दहाही पानं. ती उणिवांची ओळ मोठ्यानं वाचली. "यावर सही दिली त्यांनी?" मग प्रत्येक पानावर : मान्य.
"आता जागा झालास. मंगळवारी येतो मी. घटक कोणता?"
"व्यापार, सर."
"बरं. पण वर्गात हरवू नको."

१९ जानेवारी, सोमवार
भूषण आला. मी बाकावर बसून उद्याच्या पाठाचं टाचण वाचत होतो. बारीक मुलगा, हाताला पलिस्तर, डोळे माझ्यावर.
"सर, ती माझी जागा आहे."
ओंकार : "अरे बस ना, सर काय कायमचे नाहीत!"
उठलो. बाक गरम होता, याचीच लाज वाटली. तो बसला, कोरलेल्या नावावरून आधी बोट फिरवून घेतलं. मॅडमनी त्याला माझी वही दिली. पानं उलटली. "भारी काढलाय नकाशा. सर, ही कितवीची वही?"
"नववी ब," म्हणालो.
"आणि रेघा का मारल्या?"
"त्या तुझ्यासाठी नाहीत."
दुसरी रिकामी जागा नव्हती. सबंध तास मागच्या भिंतीला टेकून उभा. तिथून फळा लहान दिसतो.

२० जानेवारी, मंगळवार
वऱ्हांड्यात उभ्यानं लिहितोय. माझा तास सुरू व्हायला पाच मिनिटं. पाठासाठी रुमालात दोन कांदे, एक लाल, एक उन्हाळी. टाचण पाठ आहे. बोलताना शे निघू नये. निघाला तर निघाला. नाही, निघू नये.
आईचा सकाळी फोन. "आज शिकाडशी ना?" हो म्हटलं.
देवरे सर आले, दाराशी खुर्चीवर बसलेत. मॅडम मागे गेल्या. भूषण सरकला, ओंकार त्याहून सरकला, मॅडम त्यांच्याशेजारी बसल्या. चष्मा लावला. भूषणनं माझी वही उघडून स्वतःच्या आणि ओंकारच्या मध्ये ठेवलीय, नवीन पानावर.
तारेवरचा पतंग कुणीतरी काढलाय.
पहिलं वाक्य प्रश्न असावा. आणि तो तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या बाकाला विचारायचा. एवढं ठरलंय, पुढचं टाचणात आहे पण आत्ता एकही ओळ
बेल झाली.