दोन जास्तीची भोकं

५ फेब्रुवारी

चि. मुकादमास, मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोमवारी सकाळी मी काय केलं ते तुला ठाऊकच आहे. तरी लिहितो, कारण देवापुढे बसलो तरी तेच डोळ्यांपुढे येतं. साडेसातला तू स्टोअरच्या खिडकीशी आलीस आणि सेफ्टी बेल्ट माझ्या टेबलावर ठेवलास. मांडीचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी मूठभर सैल राहतो, म्हणालीस. मी चहाच्या शेगडीवर जाडा खिळा लाल केला आणि पट्ट्याला दोन जास्तीची भोकं पाडली. बक्कल घट्ट बसलं. आता पोतं बांधल्यासारखी दिसते म्हणत तू हसत वर गेलीस. भाचीचं काही भलं केलं म्हणून मीही खूश. रजिस्टरात तुझ्या बेल्टपुढे रोजच्यासारखं ‘ठीक’ लिहिलं.

दहा वाजता नवव्या मजल्यावर परांचीची फळी सरकली. तू बेल्टवर लोंबकळलीस आणि पट्टा फाटला तो नेमका माझ्या भोकापाशी. एका अंगावर कलंडून खांबावर आदळलीस. खांद्याचे पट्टे टिकले आणि वेल्डरने वर ओढून घेतलं, म्हणून हासळीचं हाड मोडण्यावर निभावलं.

लहान मापाचे बेल्ट मागवा म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं. तिसऱ्या वेळी खरेदीवाल्याने माझा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. साइटवर बायका तीन, त्यांच्यासाठी काय शिंप्याचं दुकान काढायचं, असं विचारलं. सगळे हसले. मीही हसलो.

मोठ्या साहेबांनी अहवालात लिहिलंय की इंजिनिअरने, म्हणजे तू, पट्टा नीट आवळला नव्हता. फाटका बेल्ट माझ्या कपाटात आहे. भोकांचं मी अजून कुणाला बोललो नाही. तू मात्र कशावरही सही करू नकोस. फोनच करणार होतो, पण तुझी आई सदा शेजारी. तिला कळलं तर ती मला भाऊ म्हणून ओळख देणार नाही.

दूध नको म्हणून तोंड वाकडं करू नकोस. चार ओळी आल्या तरी पुरे, त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा मामा

९ फेब्रुवारी

ती. मामांस, मुकादमाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

उजवा हात गळ्यात आहे, म्हणून हे डाव्या हाताचं अक्षर. तुमच्या रजिस्टरातल्या अक्षरापेक्षा बरंच आहे, तेव्हा हसू नका.

काल साहेब येऊन गेले. फळं आणली, आईची विचारपूस केली आणि मग खिशातून कागद काढला. पट्टा सैल ठेवला ही माझी चूक, असं त्यात आहे. आईसमोरच म्हणाले की उंचावरचं काम मुळात मुलींचं नाही, बरी झाली की नकाशांच्या खोलीत बसवू, पंख्याखाली. आईला ते इतकं पटलं की तिने त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. मामा, चार वर्षं मी त्या सळ्या मोजत फिरतेय. जॅकेट गुडघ्यापर्यंत येतं, बूट कापूस कोंबून घालते, संडास तळमजल्यावर म्हणून दुपारपर्यंत पाणी पीत नाही. एवढं सगळं गिळलं ते पंख्याखाली बसण्यासाठी?

पण मी सही करणार आहे. भोकांचं बोलले की ती कुणी पाडली हे विचारतीलच. तुमची अठरा वर्षांची नोकरी माझ्यासाठी जायला नको. आणि भोकं पाडा म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. तुम्ही गप्प राहा. शुक्रवारी, वीस तारखेला, साहेब पुन्हा कागद घेऊन येतील.

मामींना नमस्कार. रागवा हवं तर, पण माया पातळ करू नका.
तुमची मुकादम

१३ फेब्रुवारी

चि. मुकादमास आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मला रागच आला. लहानपणी गल्लीतल्या सगळ्या पोरांना रांगेत उभं करणारी तू, म्हणून तर मुकादम नाव पडलं. आता माझं पाप स्वतःच्या माथी घेणार? सही करायची नाही. पुन्हा सांगणार नाही.

हे लिहिलं खरं, पण मला तरी काय अधिकार? परवा सगळं सांगायचं ठरवून साहेबांकडे गेलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, पोरगी वाचली हे नशीब म्हणाले, आणि तो फाटका बेल्ट भंगारात टाकून द्या म्हणाले. मी मान हलवली. मान हलवून बाहेर आलो, बघ. जिन्यात उभा राहून स्वतःला शिव्या दिल्या. बेल्ट टाकला नाही, एवढीच काय ती मर्दुमकी.

आज तर कहर झाला. विजेचं काम बघणारी ती लहानखुरी इंजिनिअर स्टोअरच्या खिडकीशी आली आणि आपला बेल्ट टेबलावर ठेवून म्हणाली की काका, ताईला पाडून दिलीत तशी मलाही दोन भोकं पाडून द्या. पट्टा कुठून फाटला हे तिला कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? मीच ना? मी नुसतं नाही म्हणालो. ताई सख्खी भाची म्हणून तिचं काम होतं, आम्ही परके, असं फणकारून ती गेली आणि दुपारी वेल्डरकडून भोकं पाडून घेतली. तोच बेल्ट घालून अकराव्या मजल्यावर गेली. संध्याकाळी ती खाली उतरेपर्यंत मी खिडकीतून वर बघत होतो. रजिस्टरात तिच्या नावापुढे काहीच लिहिता आलं नाही.

जास्त लिहवत नाही. मनात राहू दे.
मामा

१६ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशीखाली ठेवलं होतं, ते आईच्या हाती लागलं. साहेबांनी आणलेली फळं शेजारी देऊन टाकली. रात्री जेवताना म्हणाली की तुझ्या मामाला लहानपणी विहिरीत उडी मारायला आठ-आठ दिवस लागायचे, काठावर नुसता कुडकुडत बसायचा. मग उडी मारायचे का, असं मी विचारलं, तर म्हणाली, ते त्यालाच विचार.

विचारत नाही. पण त्या पोरीला वर जाऊ देऊ नका. माझ्या कागदाचं मी बघेन.

इथला आईचा राग लटका आहे, हे ओळखून असावं.
तुमची मुकादम

१९ फेब्रुवारी

चि. मुकादमास मनापासून आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी विजेच्या कामाची ती मुलगी आली तेव्हा मी तिला बेल्ट दिलाच नाही. ती भांडली. मुकादमगिरी करता का, म्हणाली. मग कपाटातला तुझा फाटका पट्टा तिच्या हातात ठेवला आणि कुठून फाटलाय ते बोटाने दाखवलं. ती तिथेच स्टुलावर बसली. वर गेली नाही. तिसरी, मोजणीवाली, तिलाही तिने थांबवलं.

मग रजिस्टर काढलं. चुकलं तर खरवडून काढायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, असं गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगत. तुम्हा तिघींच्या नावांपुढचं ‘ठीक’ मी तसं पानोपानी खोडलं आणि शेजारी लिहिलं, माप मोठं. रेघा सरळ आल्या.

साहेबांना आधी जाऊन सांगितलं. त्यांनी या वेळी खांद्यावर हात ठेवला नाही. तुम्हीच अडकाल, समजतंय का, असं तीनदा विचारलं. समजतंय म्हणालो. किल्ल्या ठेवून जा म्हणाले, त्या टेबलावर ठेवल्या.

तुझा फाटका आणि तिचा भोकं पाडलेला, असे दोन्ही बेल्ट आणि माझ्या तिन्ही मागण्यांच्या प्रती पिशवीत घालून बसने सरकारी सुरक्षा निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने दोन तास बसवून ठेवलं. आधी कंपनीचं पत्र आणा म्हणाला, मग निरीक्षक जेवायला गेलेत म्हणाला. मी उठलो नाही. शेवटी निरीक्षक स्वतः बाहेर आले, त्यांनी फाटका पट्टा खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि जबाबासाठी कोरा कागद पुढे केला.

उद्या साहेब आले तर त्यांचा कागद तसाच परत कर. तो आता खोटा ठरलाय. माझ्या जबाबात पहिलं वाक्य आहे की ही भोकं मी पाडली. दुसरं आहे की ती का पाडावी लागली. दोन्हींखाली मी सही केली आहे.

तुझा मामा