खाणीच्या मधोमध राखणदार

१७ नोव्हें., सोमवार
बाबू आला मुंबैहून. पिशवीत कपडे दोन, नारळ पाच. म्हटलं, मेल्या, कोकणात नारळ घेऊन येणारा तूच पहिला. हसला नाही.
चिमी, त्याची लेक, तिकडे दवाखान्यात. माझी एकुलती नात. ताप उतरत नाही. रक्त तपासतात, परत तपासतात. सुमीने, म्हणजे सुनेने, ह्याला इकडे धाडलाय. यंदा राखणदार देवाला नारळ द्यायची पाळी आपल्या घराची. देवदिवाळीला नारळ त्याच्या पायाशी पोचला पाहिजे.
पेज अर्धी ठेवली त्याने. मांजराला घातली.

१८ नोव्हें., मंगळ.
सगळी वाडी ओटीवर. सल्ले द्यायला कुणाचं काय जातं.
चिरेखाण सुरू झाली तेव्हा गावकरांनी मालकाला एकच अट घातली होती. वर सड्याच्या माळावरच्या राखणदाराला हात लावायचा नाही. आमचे हे पण होते त्यात, छाती काढून. मालक शब्दाचा पक्का. देवाखालचा कातळ ठेवला, भोवतीचा सगळा चिरे पाडून विकला. आता देव खांबावर, खाली खड्डा, खड्ड्यात पाणी. देवाकडे जायची वाटपण सोड, हे एकालाही सुचलं नाही. आणि हे म्हणे शहाणे.
खाण बंद पडली, मालक गेला. तेव्हापासून काठावरून खांबावर नारळ फेकतात. गेल्या साली पाळी वाडीतल्या सखारामची, त्याचा पाण्यात पडला नि वैशाखात सखाराम मेला. वाडी म्हणते, राखणदार कोपला. सखारामचं लिवर सडलं होतं. त्याला देव कशाला लागतो.
बाबू म्हणाला, "आये, मी पवत जातंय. हाताने ठेवतंय."
एकजणही नको म्हणाला नाही.

१९ नोव्हें., बुध.
बाबूबरोबर वर गेले. पाखाडीच्या पायऱ्या चढताना गुडघा कुरकुरला. सड्यावर गवत वाळून पिवळं. आधी जुन्या खाणी लागतात, त्यांत करवंदी माजल्यात, माणसांच्या बाटल्या. मग आमची.
पाणी हिरवंगार. कडा सरळ, सुरीने वड्या पाडाव्यात तशा. पाय ठेवायला बोटभर जागा नाही. ट्रक उतरायचा उतार होता, मालकाने जाता जाता तोही कापून नेला. शेजारच्या दाजीची म्हैस पडली होती ह्यात. दिवसभर कडेकडेने पवत होती. वर यायला जागा नाही. तिचं ओरडणं खाली वाडीत ऐकू यायचं. संध्याकाळी बंद झालं.
मधे खांब. वर राखणदार, एवढासा दगड, शेंदूर पावसाने गेलेला. उघडा बसलाय बिचारा.
"खांबापर्यंत जाशील. वर कसा चढशील?"
"मशीनच्या रेघा हायत ना."
"नि बाहेर कसा येशील?"
"दोर बांधीन झाडाला."
"पोट बघ तुझं."
"ल्हानपणी नदी पार करायचो, आये."
"तेव्हा पोट पाठीला होतं मेल्या."
परत येताना दोनदा मागे वळून पाहिलं त्याने. म्हैस तोही विसरलेला नाही.

२० नोव्हें., गुरु. आवस
पालीच्या बाजारात जाऊन दोर घेऊन आला. नायलॉनचा, निळा.
चिमीचा फोन. आवाज कसा, विहिरीच्या तळातून यावा तसा. "आजी, बाबा देवाला भेटले का?" मी फोन बाबूच्या हातात दिला नि भांडी घासायला बसले.
बाबूने पवताना नेसायचा पंचा धुऊन अंगणातल्या दोरीवर घातला.

२१ नोव्हें., शुक्र. देवदिवाळी
तो आंघोळीला गेल्यावर एक नारळ घेतला नि मीच गेले. देवाला बाईमाणूस चालत नसेल तर त्याने मला हाकलायचं होतं.
काठावर उभी राहिले. गाऱ्हाणं घालायला कुणी शिकवलं नाही, सरळच बोलले. बाबा, तुझी वाट आम्ही विकली. माझी वाट इथपर्यंतच. पोरीचं राख. पोराला बोलावू नकोस.
फेकला. खांद्यात कळ आली. अर्ध्यातच पडला. बुडला, परत वर आला. शेंडी वर करून तरंगत बसला.
घरी येऊन सांगितलं, पोचला.
"तू फेकलास? तुझ्याने?"
"माझ्याने तू झालास, नारळाचं काय घेऊन बसलास."
रडला बाबू. माझ्या पायावर डोकं ठेवलं. घावणे खाल्ले, पोटभर. दुपारी सुमीचा फोन, ताप थोडा कमी. वाडीभर सांगत सुटला.
तो निळा दोर मी पेंढ्याच्या उडवीत खुपसून टाकला. असलेला बरा नाही.

२२ नोव्हें., शनि.
पहाटे सुमीचा फोन. ताप परत चढला. जास्तच. आत नेलंय म्हणे, काचेच्या खोलीत.
बाबू म्हणाला, रातच्या गाडीने जातो. मग उठून चपला घातल्या. "वर जाऊन पाया पडून येतंय."
म्हटलं, इथून पड. त्याला सगळीकडून दिसतं.
"पोचला ना, आये? नक्की?"
पोचला म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.
गेला. वर गेला की दिसेलच त्याला. शेंडी वर करून.
हाक मारली. पाखाडीच्या वळणावर होता, वळला नाही. कालच्या चढाने गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय, उंबरा ओलांडवत नाही. दाजीला ओरडून पाठवलाय त्याच्या मागे. दाजी चालतो कसा ते मला माहीत आहे.
नुसतं बसवत नाही म्हणून लिहिते.
सरपटत गोठ्यापर्यंत गेले, उडवीत हात घातला. दोर आहे. ठेवला तसाच.
दोरीवर पंचा नाही.